लिनक्सवरील प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराने का उघडत नाहीत?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून शाळेच्या वाटचालीविषयी काही यावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी अशा ज्येष्ठांनी या अंकात लिहिले आहे. आम्ही गेली बरीच वर्षे इतिहासाच्या तासांबरोबरच शाळेचा संगणक कक्षही सांभाळीत आलो आहोत. ही जबाबदारी आमच्याकडे कशी आली असे कोणी विचारल्यास, दुसरे कोणी घेईना म्हणून आली, एवढेच उत्तर आहे. त्या कक्षातील एका नेहमीच्या अडचणीविषयी येथे लिहिण्याचे योजिले आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या जुन्या संगणकांवर आपण लिनक्स बसविले, आणि ते पाहून अनेकांनी आपापल्या घरच्या जुन्या लॅपटॉपवरही बसविले. त्यांचे जे फोन आम्हांस येतात, त्यांतील निम्मेअधिक याच एका अडचणीचे असतात.

अडचण अशी. एखादा प्रोग्रॅम साध्या रीतीने बिनतक्रार उघडतो. पण तोच ‘प्रशासक’ म्हणून, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी म्हणून उघडू गेल्यास उघडत नाही. कधी आयकॉनवर पुन्हा पुन्हा टिचकी मारूनही काहीच घडत नाही. कधी पासवर्ड विचारला जातो, तो अचूक दिला जातो, आणि तरीही खिडकी काही येत नाही. कधी टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि सारे तेथेच थांबते. अशा वेळी माणूस चिडतो व इंटरनेटवर सापडेल तो उपाय एकामागून एक करीत सुटतो. मूळ अडचणीपेक्षा या उपायांनीच अधिक नुकसान होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहोत.

पुढे येणाऱ्या आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कळफलकावर ती रोमन लिपीत टंकावयाची असतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम तो अनुभव. 2018 सालची दिवाळीची सुट्टी संपली होती. कक्षातील मुख्य संगणकावर सुट्टीतच लुबुंटूची 18.04 ही नवी आवृत्ती बसविली होती. मुलांचे व कार्यालयाचे फोल्डर मात्र जसेच्या तसे राखले होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पूर्वी त्या संगणकाच्या पडद्यावर एक आयकॉन करून ठेवला होता. त्यावर टिचकी मारली की पासवर्ड विचारला जाई आणि फाइल मॅनेजर प्रशासकाच्या अधिकाराने उघडे. प्रश्नपत्रिकांसाठी लागणारे मराठी फॉन्ट आम्ही त्यातूनच योग्य त्या फोल्डरमध्ये टाकीत असू. नवी आवृत्ती आल्यावर तो आयकॉन मुका झाला. टिचकी मारावी, क्षणभर काटा फिरावा आणि शांतता.

त्याच संगणकावर आंतरवासी मुलांच्या शिष्यवृत्ती अर्जांसाठी स्कॅन केलेली कागदपत्रे होती. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पाने. मूळ कागद पालक गावी घेऊन गेले होते. अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ही कागदपत्रे पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावीत हे आम्हांस सुचले नाही. कारण संध्याकाळी आम्ही बसलो होतो ते केवळ फॉन्ट टाकावयास.

आयकॉन चालेना म्हणून आम्ही टर्मिनल उघडले, ‘सूडो एसयू’ आणि पुढे एक आडवी रेघ अशी आज्ञा दिली व ‘रूट’ झालो. रूट हे लिनक्समधील सर्वाधिकारी खात्याचे नाव. तेथून फाइल मॅनेजर उघडू पाहिला, तर उत्तर आले: ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. कोठेतरी वाचून ‘डिस्प्ले’ नावाची एक किंमत भरली. आता उत्तर बदलले: ‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’. मग आणखी कोठेतरी वाचून ‘एक्सऑथ’ नावाची आज्ञा आमच्याच खात्यातील एका लपलेल्या फाइलवर, रूट या नात्याने चालविली. रात्रीचे दहा वाजले. मुलांच्या खोल्यांतील दिवे मालविले गेले, आम्हीही संगणक बंद करून घरी गेलो.

सकाळी लॉगिनचा पडदा आला. पासवर्ड दिला. पडदा काळा झाला आणि क्षणात पुन्हा लॉगिनचाच पडदा आला. पासवर्ड चुकला असता तर ‘चुकला’ असे तो म्हणाला असता; तसे नव्हते. तो स्वीकारीत होता आणि तरीही दारातून परत पाठवीत होता. बारा-पंधरा वेळा हेच झाले. बाहेर अर्जांसाठी मुले उभी होती.

शेवटी ज्याने तो आयकॉन केला होता त्यालाच फोन लावला.

“जय भीम, सर. काल रात्री रूट होऊन काही केलंत का?” त्याने पहिलाच प्रश्न हा विचारला.

“केलं खरं,” आम्ही म्हणालो, “पण तुला कसं कळलं?”

“दुसऱ्या कशानं असं सहसा होत नाही, सर. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबा.”

तीन कळा दाबताच चित्रांचा पडदा जाऊन केवळ अक्षरांचा पडदा आला. तेथे नाव व पासवर्ड देताच प्रवेश मिळाला. त्याने प्रथम ‘डीएफ’ ही आज्ञा द्यावयास लावली. डिस्क पूर्ण भरली तरी लॉगिन असेच परत फिरते, म्हणून ती शक्यता आधी काढून टाकली. मग ‘एलएस’ आणि पुढे रेघ देऊन ‘एलए’ अशी आज्ञा दिली. सर्व फाइलींची यादी आली. त्या यादीत तिसऱ्या रकान्यात फाइलीचा मालक असतो आणि चौथ्यात गट. सर्व ओळींवर आमच्या खात्याचे नाव होते. केवळ एका ओळीवर दोन्ही रकान्यांत ‘रूट’ लिहिलेले होते. ती फाइल म्हणजे ‘एक्सऑथॉरिटी’, नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे एरवी लपलेली. ‘सूडो चोन’ या आज्ञेने ती पुन्हा आमच्या खात्याच्या नावावर केली. पुढल्या लॉगिनला संगणक असा उघडला, जणू काही घडलेच नव्हते. दुपारपर्यंत सर्व अर्ज गेले.

त्या एका ओळीत काय घडले होते हे समजून घेण्यास पुढे आम्हांस पुष्कळ दिवस लागले. जे समजले ते असे.

युनिक्स ही लिनक्सची पूर्वज प्रणाली 1969 साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडविण्यास आरंभ केला. एकच मोठा संगणक आणि त्यावर काम करणारे अनेक जण, अशी तेव्हाची स्थिती होती. म्हणून प्रत्येक फाइलीला मालक असावा व एकाने दुसऱ्याच्या फाइलीला हात लावू नये, ही व्यवस्था तिच्या मुळातच आहे. या सर्वांवर एक रूट; त्याला कोणतीही फाइल उघडता, बदलता, पुसता येते. पण साध्या माणसालाही कधी कधी एखाद्या संरक्षित फाइलीत लिहावे लागते. स्वतःचा पासवर्ड बदलणे हेच घ्या. तो ज्या फाइलीत असतो ती रूटची. यावर रिचींनी तोड काढली. माणसाला रूट न करता, पासवर्ड बदलण्याच्या त्या एका प्रोग्रॅमवरच खूण करावयाची की हा चालताना आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल. या कल्पनेचे पेटंट त्यांना 1979 साली मिळाले. ‘सूडो’ ही आज्ञाही याच खुणेच्या आधारे चालते. ती सुमारे 1980 साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. रूटचा पासवर्ड सर्वांना वाटण्याऐवजी, कोणाला कोणते काम रूटच्या अधिकाराने करता येईल याची यादी ठेवावी आणि काम झाले की अधिकार परत घ्यावा, असा तिचा हेतू. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आम्हांस यात मौज वाटते ती ही, की अमर्याद सत्ता देऊन ठेवल्यावर तिला वेसण कशी घालावी, याच खटपटीत या प्रणालीची पुढची पन्नास वर्षे गेली.

ही सारी व्यवस्था फाइलींसाठी होती. चित्रांचा पडदा, खिडक्या आणि माउस हे नंतरचे. एक्स विंडो ही प्रणाली 1984 साली एमआयटी या संस्थेत सुरू झाली. तिच्यात पडदा हा एक स्वतंत्र सेवक असतो, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला खिडकी काढावयाची तर त्या सेवकाकडे जावे लागते. तो सेवक दोन गोष्टी पाहतो. पहिली, कोणत्या पडद्यावर जावयाचे हा पत्ता; तो ‘डिस्प्ले’ या किमतीत असतो. दुसरी, प्रवेशाचे गुपित; ते एक्सऑथॉरिटी या फाइलीत असते आणि लॉगिन करणाऱ्याच्या खात्यात ठेवले जाते. आपल्या वसतिगृहाच्या फाटकावरील रखवालदार जसा आलेल्याचा हुद्दा न पाहता पास पाहतो, तसेच हे. रूट फाइलींच्या राज्यात सर्वाधिकारी खरा, पण पडद्याच्या फाटकावर तो पासाविना आलेला परका.

आमच्या दोन संदेशांचा अर्थ आता उलगडतो. ‘एसयू’पुढे आडवी रेघ दिल्यास जुन्या खात्यातील जवळजवळ सर्व किमती पुसल्या जातात व त्यांत पडद्याचा पत्ताही जातो. म्हणून पहिले उत्तर ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’, म्हणजे पत्ताच ठाऊक नाही. पत्ता भरल्यावर आम्ही फाटकापर्यंत पोहोचलो, पण पास नव्हता. म्हणून ‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’. हे दोन संदेश वेगळे ओळखता आले तरी निम्मे निदान होते. मग आम्ही रूट म्हणून पासाच्या फाइलीतच फेरफार केला. एक्सऑथ ती फाइल नव्याने लिहिते, आणि नवी फाइल लिहिणाऱ्याच्या, म्हणजे रूटच्या मालकीची झाली. सकाळी लॉगिन करताना आमच्या खात्याला स्वतःचाच पास लिहिता येईना, म्हणून दार उघडून मिटत होते.

हे केवळ एक्सऑथने होते असे नाही. साधा ‘सूडो’ लावून खिडकीचा प्रोग्रॅम उघडल्यास काही प्रणालींत तो रूट म्हणून चालतो, पण घर मात्र आपलेच वापरतो. मग आपल्या घरात रूटच्या मालकीच्या सेटिंगच्या फाइली पडतात. उबुंटूमध्ये 19.10 या आवृत्तीपूर्वी असेच होई. त्यामुळे एखादा प्रोग्रॅम एकदा सूडोने उघडला की नंतर साध्या रीतीने उघडेनासा होतो, किंवा उघडला तरी केलेले बदल त्याच्या लक्षात राहत नाहीत. 19.10 पासून सूडो रूटचे घर वापरतो. त्यात ही अडचण टळली, पण दुसरी आली: सूडोने उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये जतन केलेली फाइल आपल्या डॉक्युमेंट्समध्ये सापडत नाही, कारण ती रूटच्या घरात जाऊन बसलेली असते. ‘सर, केलेलं सगळं गेलं’ असा फोन आला की आम्ही प्रथम तेथे पाहावयास सांगतो.

आता मुक्या आयकॉनकडे वळू. आयकॉन बोलत नाही, टर्मिनल बोलते, हा या विषयातील पहिला धडा आहे. आयकॉन चालत नसेल तर त्यामागील आज्ञा शोधून ती टर्मिनलमध्ये द्यावी. आयकॉनची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली की ‘एक्झेक’ या शब्दाने आरंभ होणारी ओळ दिसते. तीच ती आज्ञा. आमच्या आयकॉनमध्ये तेथे ‘जीकेसूडो’ होते. खिडकीत पासवर्ड विचारून प्रोग्रॅम रूट म्हणून चालविण्याचे हे जुने साधन पुष्कळ वर्षे निगराणीविना पडून होते. डेबियनने व उबुंटूने 2018 साली ते काढून टाकले. म्हणजे आमच्या आयकॉनने ज्याला हाक मारली तो घरातच नव्हता. टर्मिनलने ‘कमांड नॉट फाउंड’ असे दोन सेकंदांत सांगितले असते. आम्ही विचारलेच नाही.

त्याच्या जागी आता ‘पोलकिट’ ही व्यवस्था आहे आणि तिची आज्ञा ‘पीकेएक्झेक’. परंतु जुन्या आज्ञेच्या जागी ही नुसती लिहून काम होत नाही, आणि येथे पुष्कळ जण अडतात. पीकेएक्झेक सुरक्षेसाठी जवळजवळ सर्व किमती पुसते. पडद्याचा पत्ता व पास दोन्ही जातात, आणि पुन्हा ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. ज्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी पोलकिटच्या फोल्डरमध्ये आपल्या प्रोग्रॅमसाठी नियमाची फाइल ठेवून तीत खिडकीला परवानगी दिली आहे, तेच यातून उघडतात. डिस्कचे भाग करणारा जीपार्टेड आणि प्रोग्रॅम बसविणारा सिनॅप्टिक यांची तशी सोय असते. म्हणून हे दोन मेनूतून उघडावेत, त्यांच्यामागे स्वतः सूडो लावू नये.

मेनूतून उघडूनही पासवर्डची खिडकीच येत नसेल, तर बहुधा पोलकिटचा प्रतिनिधी चालू नसतो. पासवर्ड विचारण्याची खिडकी काढणारा हा एक छोटा प्रोग्रॅम. मोठ्या डेस्कटॉपवर तो आपोआप चालू होतो. पण जुन्या संगणकांसाठी घेतलेल्या हलक्या डेस्कटॉपवर, विशेषतः कोणी सुटे भाग जोडून तो स्वतः उभा केला असेल तर, राहून जातो. एलएक्सडीईसाठी ‘एलएक्सपोलकिट’ हा प्रतिनिधी आहे. तो टर्मिनलमधून चालू करून पाहावा; खिडकी आली तर लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत घालावा. आमच्या कक्षातील दोन संगणकांचे वर्षभराचे दुखणे इतक्यानेच गेले. आम्ही तोवर त्या दोन्हींचा दोष हार्ड डिस्कला देत होतो!

पोलकिट आले म्हणजे सर्व निर्धोक झाले असे मात्र नाही. पीकेएक्झेकमध्ये 2009 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून असलेली एक चूक जानेवारी 2022 मध्ये उघड झाली. तिच्या आधारे संगणकावरील कोणताही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती अपडेट केलेल्यांनाच मिळाली. ‘चालतंय ना, मग अपडेट कशाला’ असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही हीच गोष्ट सांगतो.

अलीकडील लॅपटॉपवर अडचणीचे आणखी एक कारण असते, ते म्हणजे वेलँड. एक्स प्रणालीत एक मोठे वैगुण्य आहे. एकाच पडद्यावरील कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला दिलेली कळन्‌कळ ऐकू शकतो. म्हणजे रूटची एक खिडकी उघडी आहे आणि शेजारी इंटरनेटवरून आणलेला एखादा खट्याळ प्रोग्रॅम चालू आहे, तर रूटच्या खिडकीत टंकलेला पासवर्ड त्याच्या कानी जाऊ शकतो. खिडकीचे प्रोग्रॅम रूट म्हणून चालवू नयेत, असे जाणकार जे बजावतात त्याचे हे एक कारण. वेलँड ही नवी प्रणाली 2008 साली क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी आरंभिली आणि तिच्यात हे ऐकणे बंद झाले. फेडोराने नोव्हेंबर 2016 मध्ये 25 व्या आवृत्तीपासून व उबुंटूने 21.04 पासून तिला पहिले स्थान दिले. वेलँडवर जुन्या पद्धतीच्या खिडक्यांसाठी ‘एक्सवेलँड’ हा दुभाषा चालतो, आणि तो पूर्वी ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर फक्त लॉगिन केलेल्या माणसाला आत घेई, रूटला नाही. कालपर्यंत चालणारी सूडोची युक्ती नव्या आवृत्तीत एकाएकी बंद पडली, तर आपण कोणत्या प्रणालीवर आहोत हे आधी पाहावे. ‘एक्सडीजी सेशन टाइप’ ही किंमत एक्स-इलेव्हन की वेलँड हे सांगते. ‘एक्सहोस्ट’ आज्ञेने रूटला प्रवेश देता येतो. पण इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी ‘एक्सहोस्ट’ आणि पुढे नुसते अधिक चिन्ह असा उपाय दिलेला असतो. त्याने दार एकट्या रूटला नव्हे, सर्वांना उघडते. अगदीच गरज पडली तर ‘लोकलयूजर रूट’ एवढ्याच नावाने द्यावा व काम संपताच वजा चिन्ह लावून काढून घ्यावा.

काही प्रोग्रॅम तर रूटला स्वतःच नकार देतात. चित्रफिती दाखविणारा व्हीएलसी रूट म्हणून चालत नाही आणि ‘सॉरी’ म्हणून तसे सांगतो. क्रोमियम ब्राउझरही नकार देतो. केट या एडिटरच्या कर्त्यांनी 2017 साली रूटला मज्जाव केला, तेव्हा अनेक जण रागावले. आमच्या मते कर्त्यांचे बरोबर होते.

कारण खरा प्रश्न निराळाच आहे: प्रोग्रॅमला रूट करण्याची गरज होती का? आमचेच पाहा. फॉन्ट आमच्या एका खात्यापुरते हवे होते. आपल्या घरातील ‘लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘फॉन्ट्स’ या फोल्डरमध्ये टाकले की झाले. त्याला कोणताही अधिकार लागत नाही. ज्या अधिकारासाठी आम्ही रात्री दहापर्यंत झगडलो, तो आम्हांस नकोच होता.

रूटची फाइल बदलावयाची असेल तर एडिटर रूट म्हणून उघडू नये. ‘सूडोएडिट’ ही आज्ञा द्यावी. ती फाइलीची प्रत काढते, आपला एडिटर आपल्याच अधिकाराने त्या प्रतीवर चालतो, आणि जतन करून बंद केल्यावर ती प्रत मूळ जागी जाते. रूटचा अधिकार लागतो तो आरंभी व शेवटी, मधल्या कामाला नाही. ग्नोम डेस्कटॉपवर फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या जागी ‘ॲडमिन’, पुढे विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे आणि तीन तिरक्या रेघा दिल्यास पासवर्ड विचारून रूटचे फोल्डर उघडतात. फाइल मॅनेजर मात्र आपलाच राहतो. केटही आता संरक्षित फाइल जतन करताना तेवढ्यापुरता पासवर्ड मागतो.

यंत्रे जोडताना तर सूडोची सवय फारच लागते. आपल्या विज्ञान मंडळातील मुले आर्डुइनोवर छोटी यंत्रे करतात. प्रोग्रॅम त्या पाटीवर पाठवू गेल्यास ‘परमिशन डिनाइड’ येते, आणि मुले सर्व प्रोग्रॅमच सूडोने उघडतात. पाठवणे साधते, पण पुढील तासाला तोच प्रोग्रॅम साध्या रीतीने उघडत नाही, कारण त्याच्या फाइली रूटच्या झालेल्या असतात. उबुंटू व डेबियनमध्ये त्या जोडणीचा अधिकार ‘डायलआउट’ नावाच्या गटाकडे आहे. ‘यूजरमॉड’ या आज्ञेने मुलाचे खाते त्या गटात घालावे, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे, आणि सूडो विसरावे. मात्र ही आज्ञा देताना लहान ‘ए’ आणि मोठा ‘जी’ ही दोन्ही अक्षरे लागतात. लहान ‘ए’ राहिला तर खाते इतर जोड गटांतून बाहेर पडते, त्यांत सूडोचा गटही आला, आणि प्रशासकच प्रशासक राहत नाही. ही चूक आमच्या कक्षात दोनदा झाली. एकदा एका विद्यार्थ्याकडून. दुसऱ्या वेळी कोणाकडून झाली, ते सांगत नाही.

त्यानंतर सूडो वापरू गेल्यास संगणक म्हणतो की आपले नाव सूडोच्या यादीत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांत पुढे ‘धिस इन्सिडेंट विल बी रिपोर्टेड’ असेही. सातवीतील एका मुलाने हे वाचून घाबरत विचारले होते, “सर, हे मुख्याध्यापकांना कळवतात का?” तसे काही नाही. ही नोंद त्याच संगणकाच्या नोंदवहीत जाते व रूटला टपाल म्हणून मिळते. ते टपाल बहुतेक कोणी उघडत नाही.

एका उपायापासून मात्र सर्वांनी दूर राहावे. परवानगीची अडचण आली की ‘सीएचमॉड सातशे सत्त्याहत्तर’ लिहून सर्व फाइली सर्वांना मोकळ्या कराव्यात, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. प्रणालीच्या ‘ईटीसी’ या फोल्डरवर असे केल्यास सूडो आपलीच ‘सूडोअर्स’ ही यादी कोणीही बदलू शकतो हे पाहतो आणि काम करण्यास नकार देतो. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचे साधनच जाते. पीकेएक्झेक चालू असल्यास तिच्या आधारे त्या यादीची परवानगी पुन्हा ‘चारशे चाळीस’ करता येते. तेही न जमल्यास संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून प्रगत पर्यायांत जावे, ‘रिकव्हरी’ निवडावे व तेथील रूटच्या ओळीवरून दुरुस्ती करावी. तेथे डिस्क बहुधा वाचनापुरतीच उघडलेली असते. ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडून घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक आज्ञेला नकार मिळतो.

ज्यांना हे ऐकून व पाहून शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतून विनामूल्य उपलब्ध आहेत. फाइलींच्या मालकीचा पाठ आधी पाहावा.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण शाळेला संगणक देता, त्यावर लिनक्स बसवून देता, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. देताना प्रशासकाच्या खात्याचे नाव व पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून कार्यालयात द्यावा. कक्षात आजमितीस एक संगणक असा आहे की त्याचा पासवर्ड कोणासही ठाऊक नाही. ज्याने तो दिला, त्याने हे वाचल्यास कृपया फोन करावा.